चिकनची तंगडी उकडताना पातेल्यात नेमकं काय होतं

तंगडी उकडायची यात काय एवढं, पाणी ठेवायचं, हळद मीठ टाकायचं, तंगड्या सोडायच्या आणि झालं, असंच बहुतेकांना वाटतं. आणि मग कुणाची हाडाजवळ लालसर राहते, कुणाची बाहेरून चोथा आणि आतून रबर, कुणाचं आळणी, म्हणजे चिकन उकडलेलं पाणी, गढूळ होतं. आपल्या कोल्हापुरात तर तांबडा असो की पांढरा, दोन्ही रस्से या उकडलेल्या पाण्यावरच उभे राहतात, त्यामुळं ही पहिली पायरी बिघडली की पुढं कितीही चांगली चटणी घाला, ते सावरत नाही. म्हणून पातेल्यात काय चालतं ते जरा नीट सांगतो, एकदा कळलं की रेसिपी बघायची गरजच पडत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तंगडी शिजणं वेगळं आणि तंगडी मऊ होणं वेगळं. दोन्ही एकाच पातेल्यात होतं पण एकाच वेळी होत नाही, आणि बहुतेक घोळ इथंच होतो.

कोंबडी दिवसभर पायावर असते. फिरते, माती उकरते, बसते, उठते, सगळं पायाच्या जोरावर. छातीचा स्नायू पंख फडफडवायला, तो कधीतरी दोन क्षण जोरात वापरला जातो आणि बाकी वेळ निवांत. सतत राबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन सतत लागतो, तो धरून ठेवणारं एक लाल प्रथिन असतं, मायोग्लोबिन, ते पायात जास्त म्हणून तंगडीचं मांस गडद आणि छातीचं पांढरं दिसतं. कबुतरासारखा लांब उडणारा पक्षी घ्या, त्याची छातीसुद्धा गडद असते, कारण तिथं छाती राबते. पायात चरबीही जास्त असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोलॅजन जास्त असतं. कोलॅजन म्हणजे स्नायूच्या धाग्यांभोवती गुंडाळलेलं आणि मांस हाडाला बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. तंगडीच्या बारक्या टोकाकडं जे पांढरे दोरे दाताला लागतात, ते बरंचसं हेच.

आता उष्णता लागली की मांसात दोन गोष्टी होतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. पहिली म्हणजे धागे आवळतात. साधारण ५० डिग्रीच्या आसपास मांसातलं एक प्रथिन गोठायला लागतं, पारदर्शक गुलाबी मांस पांढरट घट्ट दिसायला लागतं, आणि ६५ ते ७० च्या घरात गेलं की धागे जोरात आकसून आतलं पाणी बाहेर ढकलतात, ओला टॉवेल पिळावा तसं. म्हणून पाण्यात बुडालेलं चिकनसुद्धा कोरडं होऊ शकतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पाण्यातच तर होतं मग कोरडं कसं, पण बाहेर पातेलंभर पाणी असलं तरी आवळलेला धागा ते आत घेत नाही. एक किलो कच्चं चिकन उकडून काढलं की वजन सातशे-साडेसातशे ग्रॅमपर्यंत उतरतं ते याच पाण्यामुळं, दुकानदारानं कमी दिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट कोलॅजनची. हे ७० च्या पुढं हळूहळू विरघळायला लागतं आणि ८० च्या वर गेलं की जोर धरतं. विरघळून त्याचं जिलेटिन होतं, मऊ बुळबुळीत, ते धाग्यांच्या मध्ये पसरतं आणि पाणी निघून गेलेलं मांससुद्धा तोंडात रसदार लागतं. पण याला वेळ लागतो. नुसता आकडा गाठून भागत नाही, त्या गरमपणात काही वेळ राहावं लागतं.

म्हणून बघा, ७४ डिग्री हा सुरक्षिततेचा आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कोंबडीसाठी हाच सांगितलाय, त्यांच्या मापात १६५ फॅरनहाइट. मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाजवळ, एवढी उष्णता पोचली की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू मरतात. म्हणजे तंगडी शिजली. पण त्या क्षणी बाहेर काढून खाल्ली तर ती चिवट लागणार, कारण धागे आवळून झालेत आणि कोलॅजन अजून तसंच आहे. तीच तंगडी अजून पंधरा-वीस मिनिटं मंद गरम पाण्यात राहू दिली, आतला भाग ८५-९० पर्यंत गेला, की मऊ होते. छातीच्या तुकड्याचं बरोबर उलटं, त्यात कोलॅजन फारसं नाही, त्यामुळं ७४ नंतरचं प्रत्येक मिनिट त्याला फक्त कोरडं करतं. म्हणून अख्खी कोंबडी एकाच पातेल्यात टाकून एकाच वेळी काढली की एक तर छातीचा भुगा होतो नाहीतर तंगडी रबरी राहते. छातीचे पीस आधी काढून घ्या, तंगड्या राहू द्या, एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

आता जाळाचं बोलू, कारण इथं गॅसही वाया जातो आणि रस्साही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. दर तीनशे मीटर चढलं की पाणी उकळण्याची डिग्री साधारण एकनं कमी होते, म्हणजे आपल्याकडं पाणी शंभरला नाही तर ९८ च्या आसपास उकळतं. पन्हाळ्यावर अजून थोडं कमी, महाबळेश्वरला तेराशे मीटरच्या वर ९५-९६ ला. आणि एकदा पाणी उकळायला लागलं की ते त्याच्यावर जातच नाही. गॅस बारीक ठेवा नाहीतर ढणढणा पेटवा, उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ च राहणार, जास्तीचा जाळ फक्त वाफ करून घरभर सोडणार. मग खदाखदा उकळून मिळतं काय, तर तुकडे एकमेकांवर आपटून मांस सुटतं, बाहेरचा थर जास्त शिजून धागे धागे होतात आणि चरबीचे बारीक थेंब फुटून पाण्यात मिसळतात, आळणी दुधट गढूळ दिसायला लागतं. तंगडी लवकर मऊ होते का, तर नाही. तिला वेळ पाहिजे, जाळ नको. पाण्याच्या कडेनं बारीक बुडबुडे येतायत, मध्ये अधूनमधून एखादा बुडबुडा फुटतोय, एवढ्यावर ठेवायचं.

मग करायचं कसं. मला तंगडी अख्खी ठेवलेली आवडते, मांडी आणि खालचा पाय एकत्र किंवा फार तर सांध्यातून दोन भाग. दुकानात पटापट सुऱ्यानं हाड फोडून बारके तुकडे करून देतात, ते सुक्क्याला ठीक आहे पण उकडायला नको, हाडाची कुसळं रश्श्यात येतात. सालीसकट मिळत असेल तर रश्श्यासाठी सालीसकटच घ्या, सालीत कोलॅजन आणि चरबी दोन्ही भरपूर असतं, खाताना नको असेल तर काढून टाका. फ्रिजरमधली असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या, नाहीतर बाहेरचं शिजून चोथा होतं आणि हाडाजवळ अजून बर्फ असतो.

पातेल्यात तंगड्या ठेवा, हळद, ठेचलेलं आलं-लसूण, मीठ, आणि साधं गार पाणी तंगड्या बुडून बोटभर वर येईल एवढं. किलोभर तंगड्यांना दीड लिटरच्या आसपास पुरतं. गार पाण्यापासून सुरुवात केली की मांस आतबाहेर सावकाश तापतं, चव पाण्यात जास्त उतरते आणि फेस एकदम गोळा होऊन वर येतो, काढायला सोपा जातो. नुसतं मांसच खायचंय, रस्सा करायचाच नाही, डब्यात किंवा जिमच्या डाएटला न्यायचंय, असं असेल तर उकळत्या पाण्यात सोडून लगेच गॅस बारीक केला तरी चालतं. मीठ शेवटी घालावं असं काहीजण म्हणतात पण माझं मत सुरुवातीलाच, कारण मीठ मांसात मुरायला वेळ लागतो आणि मुरलेलं मीठ थोडं पाणीही धरून ठेवतं. लिटरला सपाट दीड-दोन छोटे चमचे, रस्सा पुढं आटणार असेल तर कमी.

पाणी तापत आलं की वर करडा-पांढरा फेस येतो. ती घाण नव्हे. मांसातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं गरम होऊन गोठतात आणि वर तरंगतात, पोटात गेली तरी काही होत नाही, पण पांढऱ्या रश्श्याला स्वच्छ आळणी लागतं म्हणून पळीनं काढून टाका. तांबड्यासाठी नाही काढला तरी कुणाला कळणार नाही.

आणि झाकण. आपल्याकडं जुन्या बायका पातेल्यावर ताट ठेवून त्या ताटात पाणी ओततात, त्यामागं चांगला हिशोब आहे. ताटातल्या पाण्यामुळं ताटाचा तळ आतल्या वाफेपेक्षा गार राहतो, वाफ तिथं आदळली की थेंब होऊन परत खाली पडते, म्हणजे पाणीही आटत नाही आणि वासही आत राहतो. कांदा परतून, वरून पाणी न घालता मांस वाफेवर सुटू द्यायचं असेल तेव्हा तर हे फारच उपयोगी, कारण तिथं खाली लागायची भीती असते. शिवाय ताटातलं पाणी तापलेलं असतं, आत पाणी कमी पडलं की तेच ओतायचं. गार पाणी ओतलं की पातेल्याचा गरमपणा एकदम खाली येतो, कोलॅजन विरघळायचं थांबतं आणि परत तिथवर यायला दहा-पंधरा मिनिटं जातात.

वेळ किती, तर ब्रॉयलरची फक्त खालची तंगडी असेल तर बुडबुडे सुरू झाल्यापासून २५ ते ३० मिनिटं, मांडीसकट अख्खा पाय असेल तर ३५ ते ४५. हे अंदाज आहेत, तुकड्याच्या जाडीवर ठरतं. खरी खूण तंगडीवरच दिसते, मांस बारक्या टोकाकडून वर सरकतं आणि हाडाचं टोक उघडं पडतं, सांधा हातानं हलवला की सैल फिरतो, सुरी घातली की आडकाठी न होता हाडापर्यंत जाते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता जाड भागात घाला. एवढ्या साध्या वस्तूनं किती शंका मिटतात, घरात एक असावाच असं मला मनापासून वाटतं.

हाडाजवळचा लाल रंग हा मात्र वेगळा विषय आहे. ब्रॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांची असते. एवढ्या लहान वयात तिचं हाड पूर्ण पक्कं झालेलं नसतं, आतल्या मगजाचा रंग हाडातून बाहेर झिरपतो आणि शिजताना हाडाभोवतीचं मांस लालसर किंवा काळपट होतं. फ्रिजरमध्ये राहिलेल्या कोंबडीत हे जास्त दिसतं. म्हणजे पूर्ण शिजलेली तंगडीसुद्धा हाडाजवळ लाल दिसू शकते, आणि उलट, पांढरं दिसणारं मांस आतून ७४ ला पोचलेलं असेलच असंही नाही. रंगावर निकाल देऊ नका. थर्मामीटर नसेल तर सांधा, सुरी आणि वेळ, तिन्ही बघून ठरवा, आणि शंका आली तर अजून दहा मिनिटं ठेवा, तंगडी आहे, तिचं काही बिघडत नाही.

गावरान कोंबडीला हे सगळं गणित बदलतं. ती कित्येक महिन्यांची असते, रानोमाळ फिरलेली, आणि वय वाढत जातं तसं कोलॅजनचे धागे एकमेकांत जास्त घट्ट गुंफले जातात, विरघळायला तयारच होत नाहीत. पातेल्यात मंद जाळावर तास-दीड तास, जुनी कोंबडी असेल तर त्याच्याही वर. वाट बघायची तयारी असेल तर बघा, कारण त्या आळणीची चव ब्रॉयलरला कधीच येत नाही. नाहीतर कुकर.

कुकरमध्ये वेगळं काय होतं, तर दाब वाढल्यामुळं पाणी ९८ ला न उकळता साधारण १२० डिग्रीपर्यंत जातं. त्या गरमपणात कोलॅजन फार भराभर विरघळतं, म्हणून गावरान चार ते सहा शिट्ट्यांत येते. ब्रॉयलरला मात्र कुकर म्हणजे जरा जास्तच होतं, एक शिट्टी, फार तर दोन, त्यापुढं गेलं की मांस हाड सोडून पाण्यात पसरतं. शिट्टी हे तसं वेळेचं माप नाहीच, मोठ्या जाळावर आणि छोट्या कुकरमध्ये शिट्ट्या भराभर होतात, त्यामुळं शेजारणीच्या तीन शिट्ट्या आणि तुमच्या तीन शिट्ट्या सारख्या नसतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजणं जास्त भरवशाचं. आणि गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका. दाब एकदम उतरला की १२० डिग्रीचं पाणी जागच्या जागी जोरात उकळतं, पातेल्यातलंही आणि मांसाच्या आतलंही, मग मांस सुकतं, उसवतं आणि आळणी ढवळून निघतं. आपोआप पडू द्या.

धुण्याबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, कारण मला याची काळजी जास्त वाटते. कच्चं चिकन नळाखाली धरून खळखळा धुतलं की बारीक शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतात आणि जंतूही त्यांच्याबरोबर जातात. तंगडीवरचे जंतू पातेल्यात मरणारच आहेत, पण ओट्यावरचे कोण मारणार? धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा, पाणी सावकाश ओता आणि नंतर सिंक, ओटा, हात साबणानं धुवा. हळद रंग आणि चव देते, जंतू मारायचं काम उष्णता करते, त्यामुळं हळद लावली म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या ताटात रश्श्याबरोबर कच्चा कांदा आणि लिंबू असतंच. ज्या विळीवर चिकन कापलं त्याच विळीवर तसाच कांदा चिरला तर सगळं नीट शिजवूनही पोट बिघडणार, आणि दोष मात्र चिकनला जाणार. कांदा, कोथिंबीर, लिंबू आधी चिरून बाजूला ठेवा, मग चिकनला हात लावा.

तंगड्या झाल्या की गॅस बंद करून पंधरा-वीस मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या. बाहेर काढून उघड्यावर ठेवलं की वरचा थर वाळतो. मांस सोडवायचं असेल तर कोमट असतानाच सोडवा, जिलेटिन गार होऊन घट्ट झालं की हाडाला धरून बसतं.

राहिलेलं पाणी म्हणजे आळणी, यात जिलेटिन, मीठ, पाण्यात विरघळणारी काही ब जीवनसत्त्वं, चरबी, सगळं आलेलं असतं. प्रथिनं मात्र बहुतेक मांसातच राहतात, म्हणून नुसतं सूप पाजून पेशंटला ताकद येईल असं समजू नका, चार घास मांसही द्या. लहान पोरांना तिखटाआधी वाटीभर हेच देतात ते चांगलंच आहे. पांढऱ्यासाठी हे आळणी गाळून घ्या, खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि खडा मसाला घालून उकळी येऊ द्या आणि नारळाचं दूध शेवटी, मंद जाळावर, उकळी फुटू न देता, कारण जोरात उकळलं की नारळाचं दूध फाटतं. तांबड्याला अशी नाजूक काळजी लागत नाही, चटणी तेलात नीट परतली आणि आळणी गरम ओतलं की तर्री आपोआप वर येते, आणि आळणीत जिलेटिन चांगलं उतरलेलं असेल तर रस्सा ओठाला किंचित चिकटतो. तसा दाटपणा पाहिजे असेल तर दुकानातून कोंबडीचे चार-सहा पाय, नखं काढून, उकडताना सोबत टाका.

कुत्र्यासाठी उकडत असाल तर कांदा, लसूण, मीठ काहीच नको, आणि शिजलेलं हाड अजिबात देऊ नका, ते टोकदार फुटतं आणि घशात नाहीतर आतड्यात लागतं.

उरलेल्याचं काय करायचं हे शेवटी राहिलं. रविवारी दुपारचा रस्सा रात्रीपर्यंत गॅसवर तसाच झाकून असतो, हे आपल्या घराघरातलं चित्र आहे. काही जंतूंचे बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात, आणि मोठं पातेलं सावकाश गार होताना ६० डिग्रीच्या खाली आलं की ते परत जागे होऊन वाढायला लागतात. नंतर उकळी आणली की जंतू मरतात, पण काहींनी आधीच करून ठेवलेलं विष उकळूनसुद्धा जात नाही. म्हणून जेवणं झाली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी. अख्खं पातेलं आत ढकलू नका, पसरट भांड्यांत काढा, परातीत गार पाणी घेऊन त्यात ती भांडी ठेवा, वाफ गेली की आत. तीन-चार दिवस टिकतं. खाताना लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा, आणि सकाळी फ्रिज उघडल्यावर आळणी थुलथुलीत गोठलेलं दिसलं तर खराब झालं म्हणून ओतून देऊ नका, ते तंगडीतलं जिलेटिन आहे, गॅसवर ठेवलं की लगेच पातळ होतं.